सात खिळ्यांची फळी

आमच्या गावात पाहुणे उतरवून घेणारी घरं सात आहेत आणि पाहण्यासारखी गोष्ट एक: तळ्यात कमरेपर्यंत बुडालेला मनोरा. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, मनोरा उंच असल्यामुळे वाचला. त्याला इतिहास नव्हता. तो मी लिहिला. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता आणि गावात दुसरा कोणी बी.ए. नाही, त्यामुळे त्या इतिहासाला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. मला गावात पदवीधर म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात असा माझा बरीच वर्षं समज होता.

बस दिवसातून एकदा येते, दुपारी, आणि ताईच्या चहाच्या टपरीपुढे थांबते. टपरीच्या भिंतीवर एक फळी आहे. फळीला सात खिळे, खिळ्यांना सात घरांच्या सात किल्ल्या. बसमधून उतरलेल्या पाहुण्यानं डावीकडची पहिली किल्ली घ्यायची. पाहुणा गेला की ती किल्ली परत येते ती सगळ्यांच्या मागे, उजवीकडे. मग हळूहळू सरकत पुढे. याला आम्ही नंबर म्हणतो. प्रत्येक किल्लीला लाकडाचा बिल्ला आहे आणि बिल्ल्यावर त्या घराची खूण कोरलेली आहे. आम्हा सात घरांच्या अध्यक्षांच्या बिल्ल्यावर खुर्ची, नावाड्याच्या बिल्ल्यावर नाव. माझ्या बिल्ल्यावर पुस्तक आहे, पण ते पावासारखं दिसतं. "पाववाल्यांचं घर कुठे?" असं विचारत पाहुणे गावभर हिंडतात.

फळी नव्हती तेव्हाचे दिवस मला आठवतात. बस थांबली की सात घरांची सात माणसं दारावर तुटून पडायची. एकदा एका पाहुण्याच्या बॅगेचं हँडल एका घरी गेलं आणि उरलेली बॅग दुसऱ्या घरी. पाहुणा त्याच बसनं परत गेला, शर्टाची एक बाही आमच्याकडे ठेवून. त्या संध्याकाळी नावाड्यानं आपल्या जुन्या होडीची एक फळी उचकटली, तिला सात खिळे मारले आणि बहिणीच्या टपरीत ती ठोकली. ताई त्याची सख्खी मोठी बहीण. किल्ल्या हलवायच्या त्या फक्त ताईनं. बाकी कोणी फळीला हात लावला तर तो चोर. एखाद्या घराची किल्ली कायमची उतरवायची तर त्या घराची संमती हवी. उतरवलेली परत चढवायची तर सगळ्या घरांची. आणि पाहुण्यासमोर दुसऱ्याच्या घराबद्दल बोलायचं ते चांगलंच. आपसात काय वाटेल ते बोला, एकमेकांच्या सात पिढ्या काढा, पण पाहुण्याच्या कानावर चांगलंच पडलं पाहिजे.

ताई टपरीत नसेल तर पंचाईत नको म्हणून फळीखाली एक पाटी लावली आहे. तीही मीच लिहिली. "पहिली किल्ली घ्या. घर आपलंच समजा."

नावाडी गेला तो हंगामाच्या अगदी तोंडाशी. सकाळी होडीची दोरी सोडायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. गावात सगळ्यांना आश्चर्य कशाचं, तर तो पाण्यात नाही, काठावर पडला याचं. त्यानं धंद्याशी बेइमानी केल्यासारखं लोक बोलत होते. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि वहिनी. तो पाहुण्यांना होडीतून मनोऱ्याभोवती फिरवायचा आणि मी लिहिलेल्या इतिहासात स्वतःची भर घालायचा. तो बोलायचा आणि वहिनी बाकी सगळं करायच्या. पांघरुणं, पाणी, स्वैपाक, चादरींना इस्त्री. गेल्या अकरा वर्षांत पाहुण्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे "अजून वाढू का?"

त्यांच्या न बोलण्याला एक कारणही होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या बोलल्या होत्या. एका पाहुणीनं विचारलं, टपरीवरचा चहा कसा असतो? वहिनी म्हणाल्या, "दूध जास्त घालायला सांगा, ताई पाणीच फार घालतात." पाहुणीनं टपरीवर जाऊन, कोण म्हणालं त्यासकट, हा निरोप दिला. त्या दिवसापासून नणंद-भावजय एकमेकींशी बोलल्या नाहीत. अडलं असं काही नाही, कारण मध्ये नावाडी होता. दोघी दहा पावलांवर उभ्या असायच्या आणि तो मधोमध.

"तिला सांग, दोन पाहुणे आलेत."

"त्यांना सांग, दिसले मला."

"तिला सांग, एकाला बटाटा चालत नाही."

"त्यांना सांग, बरं."

नावाडी मान इकडून तिकडे फिरवायचा, पण निरोपातला एक शब्द बदलायचा नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं. मलाही तसंच वाटायचं.

तर त्या दिवशी त्याला पोचवायला सगळं गाव निघालं, वहिनींसकट. वाट टपरीवरूनच जाते. ताई सकाळपासून भावाच्या घरी, त्यामुळे टपरी रिकामी. आणि फळीवर पहिल्या खिळ्यावर किल्ली होती नावेची. ज्याला खांद्यावरून नेत होतो, त्याच्याच घराची. दुसरी किल्ली माझी होती.

खांद्याला लागलेल्या आम्हा सगळ्यांना ती दिसली. मला दिसली हे मला माहीत आहे. अध्यक्षांना दिसली हे मी पाहिलं. कोणीतरी दोन पावलं बाजूला होऊन ती किल्ली मागे टांगायला हवी होती. पण हात लावायचा कोणी? मी लावला असता तर लोक म्हणाले असते, माणूस अजून चितेवर चढला नाही आणि यानं त्याचा नंबर खाल्ला. अध्यक्षांनी लावला असता तर मीच म्हणालो असतो. जाताना ताईनंही फळीकडे एकदा पाहिलं. तिनं ती हलवली असती तर उद्या भावजय म्हणाली असती, भाऊ गेल्या गेल्या नणंदेनं सूड उगवला. म्हणजे, म्हणाली नसतीच. पण न म्हणता म्हणाली असती. गाव फळीपुढून गेलं आणि किल्ली जिथल्या तिथे राहिली.

तासाभरानं बस आली.

आम्ही परतलो तेव्हा नावाड्याच्या ओसरीवर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांच्या बायकोनं चूल... चूल नव्हे, गॅस पेटवून दोन कप चहा केला होता. दोरीवर नावाड्याचा सदरा होता, त्याच्या शेजारी तिचे ओले टॉवेल. आणि गृहस्थांच्या पायात नावाड्याच्या चपला. दाराशी दिसल्या, घर आपलंच समजायचं होतं, त्यांनी समजलं.

साठ-सत्तर माणसं अंगणात गुपचूप येऊन उभी राहिलेली पाहून गृहस्थ उठले, हात जोडले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"अहो, एवढं कशाला! आम्ही दोघंच तर आहोत," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून हळूच, "हे सगळं पॅकेजमध्येच आहे का गं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण शब्द माझ्याकडे असतात असा गावाचा समज आहे. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. गृहस्थ खाली बसले. त्यांची बायको चहाचा कप हातात धरून तशीच उभी. तो ठेवावा की प्यावा हे तिला कळेना.

"आम्ही आत्ताच्या आत्ता निघतो," गृहस्थ म्हणाले. "दुसरं एखादं घर असेल तर..."

दुसरं घर असेल तर! सहा घरांची सहा माणसं अंगणातच होती. अध्यक्ष पुढे सरसावले. "आमच्याकडे चला ना. गिझर आहे, खाटा नव्या आहेत." तेवढ्यात माझ्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं. तिचं गणित साधं होतं: पुढची किल्ली आपली.

वहिनी पायरीशी बसल्या होत्या, दोन बायकांनी धरलेल्या. त्या उठल्या. कोणाकडे न बघता गृहस्थांच्या बायकोच्या हातातला कप घेतला, चहा कोमट झालाय का ते बाहेरून हात लावून पाहिलं.

"गरम करून देते," त्या म्हणाल्या. "कुठे जायचं नाही. किल्ली माझी आहे."

आणि आत गेल्या.

पाहुणे तीन दिवस राहिले. वहिनींनी रोज दोन वेळा स्वैपाक केला. गृहस्थ रोज त्याच चपला घालून तळ्याकाठी फिरून यायचे. त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. चपलांचा आवाज अंगणात आला की वहिनी हातातलं काम थांबवायच्या, आणि आवाज पायरीशी थांबला की पुन्हा सुरू करायच्या. हे माझ्या बायकोनं पाहिलं. ती तिकडे पोळ्या लाटू लागायला जायची. शेवटी शेजारधर्म आहेच.

ते गेल्यावर आठवड्यानं अभिप्राय आला. आमच्या सातही घरांचं इंटरनेटवर पान एकच आहे, ते मीच सांभाळतो. "जागा स्वच्छ. जेवण घरच्यासारखं. मालकांचं त्याच दिवशी निधन झाल्यामुळे वातावरण किंचित उदास. चार स्टार."

अध्यक्षांनी तो मला फोनवर तीनदा वाचून दाखवला.

"उदास! लोक सुट्टीवर येतात, पदवीधर. उदास व्हायला घरी काय कमी जागा असते?"

"खरं तेच लिहिलंय त्यांनी."

"खरं आहे म्हणून तर काढता येत नाही ना! खोटं असतं तर तक्रार केली असती."

दिवस सरकत होते तशा किल्ल्याही सरकत होत्या. नावेची किल्ली शेवटच्या खिळ्यावरून एकेक घर पुढे येत होती आणि तिच्या पाठीला लागून पावाची, म्हणजे माझी. नावेची पहिल्या खिळ्यावर पोचली त्या दिवशी बस रिकामी आली, आणि अध्यक्षांनी त्याच दुपारी बैठक बोलावली.

बैठक त्यांच्या नव्या जेवणघरात झाली. सहा घरांची माणसं आणि ताई. वहिनींना बोलावलं नव्हतं; दुःखात कशाला त्रास. अध्यक्षांनी आधी दोन मिनिटं उभं राहून नावाड्याला श्रद्धांजली वाहायला लावली, मग बसायला सांगितलं, मग पंखा लावला.

"एकटी बाई," ते म्हणाले. "होडी चालवायला माणूस नाही. बोलायला माणूस नाही. माझा पुतण्या मोटरबोट घेतोच आहे म्हणा, मनोऱ्याचं तो बघेल. पण वहिनींचं काय? मला तर त्यांचे कष्ट बघवत नाहीत."

सगळ्यांनाच बघवत नव्हते. एकेकानं तसं सांगितलं. वर्षभर तरी त्यांना विश्रांती मिळावी, असं सगळ्यांचं मत पडलं. कोणाच्याच तोंडून 'सात' आणि 'सहा' हे आकडे आले नाहीत. इतकी सहानुभूती मी त्या जेवणघरात पुन्हा पाहिलेली नाही.

ताई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "तिनं हो म्हटल्याशिवाय मी खिळ्याला हात लावणार नाही. नियम त्यानं केलेत. माझ्या भावानं."

"मग विचार ना तिला!"

"मी कशी विचारणार?" ताई म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या घराकडे निरोप न्यायला कोणी नव्हतं.

सगळे पुन्हा माझ्याकडे पाहायला लागले.

मी गेलो तेव्हा वहिनींनी पाहुण्यांच्या खोलीतल्या गाद्या उन्हात घातल्या होत्या आणि उशा झटकत होत्या. मला पाहून त्यांनी ओसरीवर खुर्ची ठेवली.

"बसा, भाऊजी. आज बसला कोणी नव्हतं म्हणे."

"नव्हतं."

"उद्या येतील. शनिवार आहे." त्यांनी उशी उलटी करून पुन्हा झटकली. "खोली तयार आहे. खिडकीची कडी तेवढी खडखडते, तिला कागद लावलाय."

मी म्हणालो, "वहिनी, सगळ्यांचं असं म्हणणं पडलं की वर्षभर तुम्हाला जरा विश्रांती..."

"कशापासून?"

याचं उत्तर बैठकीत ठरलं नव्हतं. मी म्हणालो, "दगदगीपासून."

"दगदग बावीस वर्षं मीच करतेय. ते गेले म्हणून ती वाढली नाही. उलट एका माणसाचं कमीच झालं." त्या हे अगदी हिशोबी सुरात म्हणाल्या आणि उशीचा अभ्रा नीट ओढून बसवला. "होडी न्या. पुतण्याला द्या, नाहीतर फोडून सरपण करा. पण माझी किल्ली राहू दे."

"पोटापाण्याचं काही अडलं तर आम्ही सगळे..."

"पोटाचं मी बघेन. तसं नाही, भाऊजी." त्यांना शब्द सापडत नव्हते, सवय नव्हती. "घरात दुसरं कोणी कूस बदललेलं ऐकू आलं पाहिजे. कोणी खोकलं पाहिजे. सकाळी कोणीतरी विचारलं पाहिजे, पाणी तापलं का. ते पाहुणे तीन दिवस होते ना, ते गृहस्थ घोरायचे. बायको बिचारी माफी मागायची. मी म्हटलं, घोरू द्या. आता गेले महिनाभर काही ऐकू येत नाही. फक्त खिडकीची कडी. तिलाही मीच कागद लावला."

मी खुर्चीत उगाच सावरून बसलो.

"सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हणावं, मला माझा नंबर हवा. एवढंच. आणि जसंच्या तसं सांगा. तुम्ही शिकलेली माणसं, सजवायला जाता आणि भलतंच होतं."

"नाही सजवणार," मी म्हणालो.

आणि मी सजवलं नाही. हे मला इथे नमूद करायचं आहे. वाटेत बायको भेटली, ती फक्त "काय म्हणतायत?" असं म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग उद्या शनिवारचे पाहुणे तिकडेच जाणार." ती काही वाईट बाई नाही. तिनं माहिती दिली.

जेवणघरात शिरलो तेव्हा पाच जण माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना कुठलं वाक्य हवं आहे ते त्यांच्या चेहऱ्यांवर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की मला फक्त वाचायचं होतं.

"त्या म्हणाल्या," मी वाचलं, "तुम्ही सगळे मिळून ठरवाल ते."

छोटंसं वाक्य. मनोऱ्याच्या इतिहासात मी याहून लांब वाक्यं लिहिली आहेत आणि ती सगळी खोटी आहेत. त्यानं कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

"अशी म्हणाली? ती?" ताईनं विचारलं.

"हो."

"खचली बिचारी," ताई म्हणाली. "नाहीतर ती ऐकणाऱ्यातली नाही." मग पदरानं नाक पुसलं आणि उठली. टपरीवर जाऊन तिनं नावेची किल्ली काढली, पावाची किल्ली पहिल्या खिळ्यावर सरकवली, बाकीच्या तिच्या मागे. उजवीकडचा एक खिळा रिकामा राहिला. नावेची किल्ली तिनं माझ्या हातात दिली.

"तिला नेऊन दे. म्हणावं, जपून ठेव. म्हणावं... काही म्हणू नको. नुसती दे."

मी ती नेऊन दिली नाही. सकाळी देऊ म्हटलं. सकाळी म्हटलं, दुपारी. शनिवारी बसच्या वेळी मी टपरीवर उभा होतो, कारण पहिली किल्ली माझी होती, आणि नावेची किल्ली माझ्या खिशात होती. बिल्ल्याचं टोक मांडीला टोचत होतं. नावाड्यानं कोरीव काम जरा जास्तच मन लावून केलं होतं. माझ्या पुस्तकाच्या वेळी त्याला घाई असावी.

तेवढ्यात वहिनी येताना दिसल्या. इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले. पाहुण्यांच्या बॅगा घ्यायला पूर्वी नावाडी यायचा, आता त्या आल्या होत्या.

ताईनं त्यांना पाहिलं आणि बाकावरची जागा पदरानं झटकली.

"ये. बस," ताई म्हणाली. त्यांच्याशी. मध्ये कोणी नसताना. "चहा घे. दूध जास्त घातलंय."

वहिनी इतक्या चकित झाल्या की बसल्याच. पेला हातात घेतला. एक घोट घेतला. मग नजर फळीवर गेली आणि डावीकडून उजवीकडे एकेका खिळ्यावरून सरकत रिकाम्या खिळ्यावर थांबली.

"माझी किल्ली?"

"अगं, तूच म्हणालीस ना," ताई मऊ आवाजात म्हणाली, "आम्ही सगळे ठरवू ते. म्हणून मग... तू विश्रांती घे बाई. मी येत जाईन तुझ्याकडे. बोलत जाऊ आपण."

"मी म्हणाले?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं, आणि रस्त्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा अगदी वेळेवर, बस आली.

दोघी उतरल्या, आई आणि मुलगी. मुलगी कॉलेजातली असावी. तिनं पाटी मोठ्यानं वाचली, हसली आणि पहिल्या खिळ्यावरची किल्ली काढली.

"आई, पाव!"

"पुस्तक आहे ते," मी म्हणालो.

आईनं मला खालून वर न्याहाळलं. दोघीच बायका, अनोळखी गाव. साहजिकच ती माझ्याशी न बोलता बाकावर बसलेल्या बाईकडे वळली.

"अहो ताई, तुम्ही इथल्याच ना? हे यांचं घर कसं आहे? आम्ही दोघीच आहोत म्हणून विचारते. माणसं बरी आहेत ना?"

टपरीत स्टोव्ह फुरफुरत होता. ताईच्या हातात किटली होती. वहिनींच्या तोंडाशी वाक्य आलेलं मला दिसलं. आलं आणि तिथेच उभं राहिलं. अकरा वर्षांपूर्वी एका पाहुणीनं त्यांना असंच विचारलं होतं आणि त्यांनी खरं सांगितलं होतं. त्याचे परिणाम काय होतात हे गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"चांगलं घर आहे," वहिनी म्हणाल्या. "पाणी गरम मिळेल. बाई पोळ्या पातळ करतात." मग चहाचा एक घोट घेऊन, "माणूसही चांगला आहे. निरोप दिला तर जसाच्या तसा पोचवतो."

किटलीतून चहा पेल्याबाहेर सांडायला लागला होता. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" आई मुलीला म्हणाली. "गावाकडची माणसं अशी असतात."

मी बॅगा उचलल्या. वहिनींनी उरलेला चहा शांतपणे संपवला, पेला विसळून उपडा ठेवला, आणि ताईला म्हणाल्या, "चहा चांगला झालाय." मग त्या घराकडे निघाल्या. त्यांचं घर माझ्या वाटेवरच आहे, त्यामुळे मला त्यांच्या मागून, बॅगांसकट, तितक्याच हळू चालावं लागलं. किल्ली मी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर ठेवून आलो. त्या आत होत्या. "ठेवा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत ताईनं विषय काढला. ती म्हणाली, निरोपात काहीतरी गफलत झालेली दिसतेय, किल्ली परत चढवा. अध्यक्ष म्हणाले, चढवू की, सगळ्यांची संमती असेल तर लगेच चढवू, आपण काय परके आहोत का? "पदवीधर, वहिनी काय म्हणाल्या होत्या ते एकदा पुन्हा सांग बरं सगळ्यांसमोर."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी ते जास्त सहज आलं.

ताई त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. चहा देते, पैसे ठेवतो तिथे न बघता पेला ठेवते. माझ्या चहात पाणी फार असतं. मी काही म्हणत नाही. दुपारी टपरी बंद करून ती भावजयीकडे जाते असं ऐकतो. अकरा वर्षांचं बोलणं साठलेलं असणार, पण माझी बायको कुंपणाशी उभी राहून आली आहे, ती म्हणते, दोघी नुसत्या बसलेल्या असतात. संध्याकाळी ताई आपल्या घरी परतते.

वहिनी पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी अजून एक दिवसाआड धुतात. दोन चादरी, दोन अभ्रे, कोणीही न वापरलेले. माझ्याकडचे पाहुणे जाता-येता ते वाळत घातलेलं बघतात आणि विचारतात, इथेही लोक उतरतात का? मी नियमाप्रमाणे सांगतो, फार चांगलं घर आहे. मग ते विचारतात की मग तिथे जागा मिळेल का, आणि मी सांगतो, सध्या नाही.

आई आणि मुलीचा अभिप्राय महिन्याभरानं आला. "शांत गाव. गरम पाणी. पातळ पोळ्या. मनोऱ्याचा इतिहास अंगावर शहारा आणणारा. विशेष म्हणजे इथे एकमेकांत स्पर्धा नाही. शेजारच्या बाईसुद्धा आमच्या घरमालकाबद्दल आवर्जून चांगलं बोलल्या. पाच स्टार."

पान मीच सांभाळतो, त्यामुळे तो मी सगळ्यात वर लावला आहे.